जरकिनचा वास
काल संध्याकाळी लाईट गेली म्हणून मी काडी ओढली आणि गंधकाच्या वासासरशी भाऊ आठवला. मोहाडीकडे बोअर मारणारा तो पार लडाखला गेला होता. तिथं जमिनीतल्या गरम वाफेवर वीज करायची म्हणून खोल भोकं पाडत होते. सुटीत आला तेव्हा त्याच्या जरकिनला हाच वास होता. "कायचा वास येऊन राहिला रे?" मायनं नाक मुरडलं. "जमिनीच्या पोटातली वाफ होय, माय. हिच्यावर लाईट जळन." त्याच हिवाळ्यात तिकडंच गाडी दरीत कोसळून तो गेला. सामानात ते जरकिन आलं. मायनं सवयीनं धुतलं, वाळल्यावर हुंगलं, तर नुसता साबण. तेव्हा ती हंबरडा फोडून रडली. काल काडी विझली आणि अंधारातून मायचा आवाज आला, "अखीन एक ओढ नं, बाई."