सूर्याकडे पाठ

अण्णांनी अख्खी हयात भूगोल शिकवण्यात घालवली. ग्रहण आलं की वर्गाला मैदानात सूर्याकडे पाठ करून उभं करायचे आणि पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याचं चित्र कागदावर पाडून दाखवायचे. आता त्याच अण्णांना आपण जेवलो की नाही हेही आठवत नाही, आणि पोटची एकुलती एक लेक त्यांच्या लेखी कुणीतरी ‘बाई’ आहे.

अण्णा मागे दोनदा भरकटले, तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली लेकीच्या गळ्यात. ती घरातच शर्टांची काज-बटणं करते. जगाशी तिचा संबंध तेवढ्या गठ्ठ्यापुरता.

आज संध्याकाळी खंडग्रास ग्रहण होतं. मैदानावर लोकांना ग्रहणाचे खास चष्मे देणार होते. शेजारच्या काकू तासभर अण्णांपाशी बसायला कबूल झाल्या होत्या, म्हणून लेक आठवडाभर हरखून गेली होती. ऐनवेळी काकू दारातूनच म्हणाल्या, “अगं, नातवंडं मलाच ओढून नेतायत. तू खिडकीतून बघ की.”

खिडकीतून बघ म्हणे! अडला हरी, दुसरं काय. तिने ठेवणीतला ड्रेस न बदलताच कुलूप लावलं.

वळून बघते तर अण्णा खिडकीशी, मान वर करून थेट सूर्याकडे बघायच्या बेतात. तिने धावत जाऊन पडदा ओढला. अण्णा तो परत ओढू लागले. “डोळे घालवायचेत का?” ती ओरडली. अण्णा लहान मुलासारखे मागे सरले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

एवढ्यात अण्णांचं लक्ष खिडकीसमोरच्या भिंतीवर गेलं. पडद्याला कसरीने पाडलेल्या बारीक भोकातून उजेडाचा एक ठिपका तिथे पडला होता. ठिपक्याचा एक घास कुणीतरी खाल्ला होता.

“सूर्याकडे पाठ करा,” अण्णा म्हणाले. आवाज जुनाच, खणखणीत. “हा ठिपका नाही, हा सूर्य आहे. मध्ये चंद्र आलाय. बसा खाली.”

ती फरशीवर मांडी घालून बसली. अण्णा एकही शब्द न अडखळता शिकवत होते. किती दिवसांनी तिचे वडील घरी आले होते! ती रडत रडत ऐकत राहिली.

सूर्य समोरच्या इमारतीआड गेला आणि भिंत कोरी झाली.

“शाळा सुटली,” अण्णा दाराकडे निघाले. “उघडा, बाई. घरी माझी लेक एकटी आहे. आई नाही तिला. अंधार पडला की घाबरते.”

“ती बरी आहे, मास्तर.”

त्यांनी कुलूप हिसडून पाहिलं. मग तिच्याकडे वळून हळूच विचारलं, “तुम्हालाही सोडत नाहीत का हो?”

“नाही,” ती म्हणाली.