हाकेला ओ

कुठल्याही दाराच्या चार पावलं अलीकडे ती थांबायची. दार वर्गाचं असो, कॅन्टीनचं असो की आमच्या घराचं. पाठीवरची सॅक पुढे घेऊन पोटाशी धरायची आणि आतून कोणी काही बोलेपर्यंत समोरच्या डोंगराकडे बघत उभी राहायची. मग हळूच विचारायची, "येऊ काय?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना लाजाळू म्हणतो आणि विषय संपवतो.

बिरवाडीत आमच्या घरामागे भाड्याच्या तीन खोल्या आहेत. त्यातल्या एकीत तिचा दादा राहायचा आणि औषधांच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. त्यांची धनगरवाडी पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. बारावी झाल्यावर दादाने तिला खाली आणलं आणि माझ्याबरोबर महाडच्या कॉलेजात बीएमएसला घातलं. मॅनेजमेंट म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही धड ठाऊक नव्हतं. माझे वडील केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर. त्यांच्या अनुभवात मॅनेजर म्हणजे ओरडणारा माणूस. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला म्हणाले, "ही कोणाला ओरडणार?"

ते पहिले महिने आठवायला गेलं की मला सगळं धुक्यातून दिसतं. सकाळची एसटी, खिडकीशी तिचं कपाळ टेकलेलं, वर्गातले पंखे आणि त्यांच्याखाली सरांचं इंग्रजी. ग्राहकाची वर्तणूक, मागणी, पुरवठा, हे शब्द कुठून तरी लांबून यायचे आणि आमच्या डोक्यावरून पुढे निघून जायचे. मी निदान लिहून घेत होते. ती फळ्याकडे बघत असायची, पण दुसरंच काही तरी पाहत असल्यासारखी.

"सपनात असल्यागत वाटतं गो," ती म्हणायची. "कोन तरी हाक मारील आन् मी उठंन."

हाक आली ती हजेरीत. अकाउंट्सचे सर वीर स्टेशनला उतरून रिक्षाने यायचे आणि कायम घाईत असायचे. मान वर न करता त्यांनी त्या दिवसापासून नंबरांऐवजी नावं घ्यायला सुरुवात केली. तिचं नाव आलं आणि आमच्या बाकावरून अशी काही लांबलचक "ओ ऽ ऽ ऽ" उठली की मी शेजारी बसल्या जागी दचकले. सरांचं पेन खाली पडलं. बाजूच्या वर्गातलं शिकवणं थांबलं.

"हे काय होतं?" सरांनी विचारलं.

"हाक मारलात ना, सर," ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं काय चुकलं ते.

वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत हसत होता. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, कॅन्टीनमध्ये, एसटी स्टँडवर पोरं तिच्यामागे तसा आवाज काढायला लागली. त्यात दुष्टपणा फारसा नव्हता, पण तिचा आवाज गेला तो गेलाच. हजेरीला ती नुसता हात वर करायची. सर मान वर करत नसत, त्यामुळे हात त्यांना दिसत नसे. एकदा मी म्हटलं, "सर, ती आलीये." सर म्हणाले, "आपापली हजेरी आपण द्यायची. एकाने दुसऱ्याची दिलेली मला चालत नाही." त्यांचंही खरं होतं. अशा खोट्या हजेऱ्या वर्गात भरपूर लागत होत्या. खरी बसलेली मुलगी मात्र रोज गैरहजर लागत होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी नोटीस लागली. तिची हजेरी कमी, असंच राहिलं तर परीक्षेला बसता येणार नाही. दादा रात्रपाळी करून आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळत म्हणाला, "वर्गात बसून गैरहजर? मग वाडीवरच बस ना." सुट्टीला गेली की तिने परत येऊ नये, असं ठरल्यातच जमा होतं. ती माझ्याशी भांडली नाही की रडली नाही. म्हणाली, "एकदा आमच्या वाडीवर ये गो. मग काय मी खाली येत नाय." मला फार वाईट वाटलं. मी तिच्याबरोबर निघाले.

पोलादपूरहून दुसरी एसटी, मग पायवाट. वरच्या वळणावर पोचलो तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की पुढचं झाडही दिसेना. ती तिथे थांबली, सॅक पुढे घेऊन पोटाशी धरली आणि तोंडाशी हात नेऊन तोच लांब आवाज काढला. मग वर कान लावून उभी राहिली. मी पाय उचलला तर तिने मला धरलं.

"कुकारा दिला ना. वरून ओ आल्याबिगर जायाचा नाय."

"का?"

"घरात मानसा कशी बी बसल्याली असतात. त्यांना सावराय येळ नको?"

थोड्या वेळाने धुक्यातून, वरून कुठून तरी, तसाच आवाज आला. तिच्या आईचा. प्रत्येक घराच्या कुकाऱ्याची चाल निराळी असते, असं ती म्हणाली, आणि उरलेल्या चढावर तिने मला त्यांच्या घराची चाल शिकवली. मी ओरडायचे आणि ती हसून खाली बसायची. इतकी हसताना मी तिला महाडात कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी चुलीपुढे तिच्या आईने मला विचारलं, "तिकडं हिला कोन बोलवतात काय गो?"

"रोज नाव घेऊन बोलावतात, मावशी. हीच ओ देत नाही."

मावशींचा हात भाकरीवर थांबला. हसणाऱ्या पोरांचं, नोटिशीचं आधी सांगून झालं होतं, त्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. हे मात्र त्यांना सोसलं नाही. त्या लेकीकडे वळून म्हणाल्या, "हाक आली आन् तू ओ दिली नाय? मानूस तिकडं थांबून राहतो ना गो. जा. पहिली ओ देऊन ये. मंग राहावासा वाटला तर राहा, नाय तर ये माघारी."

दादाचा ठराव त्या एका वाक्यात निकालात निघाला.

सुट्टीनंतर पहिल्या तासाला सरांनी हजेरी सुरू केली. तिचं नाव आलं. तिने सॅक पोटाशी धरली. मग शेजारून साधासा, घरात देतात तसा आवाज आला, "ओ." सरांनी मान वर केली. तिच्याकडे जरा बघितलं, खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. मागे कोणी तरी हसलं, पण ते हसू वर्गात पसरलं नाही. बुडलेल्या हजेरीबद्दल सरांनी तिच्याकडून जादा असाइनमेंट लिहून घेतल्या आणि तिला परीक्षेला बसू दिलं. तिसऱ्या वर्षापर्यंत अर्धा वर्ग "येस सर" सोडून "ओ" म्हणायला लागला होता. आधी चेष्टेने, मग सवयीने.

आता ती पुण्याला एका दुधाच्या कंपनीच्या ऑफिसात आहे. फोन उचलला की हॅलो म्हणत नाही, ओ म्हणते. गावी येणं वर्षातून एकदाच होतं. मी इथेच, बिरवाडीहून एका कारखान्याच्या ऑफिसात जाते. वडील अजून विचारतात की मी ओरडते का कोणाला.

परवा एका लग्नाला म्हणून पोलादपूरला गेले होते. डोंगरावर धुकं उतरलेलं दिसलं आणि मला राहवलं नाही. लग्नाच्याच साडीत पायवाटेने वर गेले, त्या वळणावर थांबले, पर्स पोटाशी धरली आणि तिने शिकवलेल्या चालीवर कुकारा दिला.

ओ लगेच आली. फार लगेच.

वर पोचले तर मावशी अंगणाच्या कडेला येऊन उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच होतं. मला पाहून हसल्या, "ये गो, ये," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या पायवाटेकडे बघत राहिल्या.