एनिफाची निळी परात

आमच्या नांगोमा गावात एनिफाइतकं मोठं तोंड कुणाचं नाही, आणि मनही. पोरांच्या लापशीचं मदतीचं पीठ नदीपलीकडे वाटतात. पावसात नदी फुगली की पोरंबाळं घेऊन बायका तिकडे जाईनात, अन् पोरं उपाशी. वाटप गावातच हवं म्हणून एनिफानं साहेबलोकांचं डोकं खाल्लं होतं.

शेवटी चिपेटा साहेब आले. चिठ्ठ्या टाकून एकोणीस घरं काढायची, पीठ आहे का बघायचं. बऱ्याच घरांत नसलं तर वाटप इकडे आणायचं.

"एवढ्यावरनं साऱ्या गावाचं कळतं होय?" मी विचारलं.

"शितावरून भाताची परीक्षा, आजोबा."

एनिफानं सगळ्यांना बजावलं, "पीठ नसेल तर नाही म्हणा. लाजू नका."

पण पाहुण्यासमोर घर रिकामं आहे म्हणणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. त्यात तिचा चुलतभाऊ लेफासी, अकलेचा कांदा. मला म्हणतो, "पीठ नाही निघालं तर बोल एनिफालाच लागणार, काका."

"अरे, तिनंच सांगितलंय ना?"

"चारचौघांत असं म्हणावंच लागतं."

एनिफाच्या स्वयंपाकघरातली पिठाची परात त्यानं उचलली. साहेब पुढच्या दारानं शिरायचे, लेफासी परसातनं. प्रत्येक घरात पीठ! एनिफा आणि मी साहेबांबरोबर फिरत होतो. तिसऱ्या घरात तिला टवका उडालेली आपली निळी परात ओळखू आली. तिनं नुसते दात खाल्ले. पाहुण्यासमोर शेजारणीला खोटं कसं पाडायचं? मीही साहेबांना पुढच्या घराची वाट दाखवली.

शेवटची चिठ्ठी एनिफाच्याच घराची.

"पीठ?"

"नाही," ती म्हणाली. खरंच नव्हतं, परात शेजारीच अडकली होती.

साहेब हसले. "गाव उत्तम आहे. वाटप आहे तिथंच राहू दे. एनिफाबाई, तुम्ही मात्र शेजारणींकडून काही शिका."

ते गेले. एनिफा ओट्यावर बसली आणि रडली. मला फार वाईट वाटलं.

लेफासी परात घेऊन आला. "पास झालीस की, ताई."

तिनं डोळे पुसले. "धुऊन ठेव ती. सोमवारी वाटप आहे, ती डोक्यावर घेऊन नदी तूच ओलांडायचीस. सगळ्या घरांचं पीठ आणायचं."

सोमवारी पाणी कमरेच्या वर होतं. लेफासी पुढे, त्याच्यामागे आपापली परात घेऊन आम्ही गावातले सगळे बाप्ये, आणि काठावरून एनिफा आमचा उद्धार करत होती.