पायाळूची लाथ
मी पदवीधर झालो तो माझ्या चुलतीमुळे. माझी शाळा बुडू नये म्हणून गोठ्याचं सगळं काम ती एकटी करायची. बामाचा वास आला की तिची दुखरी कंबर आठवते. साताऱ्याच्या डॉक्टरांना एक्सरेत काहीच सापडलं नाही, तेव्हा मिलिटरीतून आलेला चुलता अंगणात चारचौघांसमोर मला म्हणाला, “नाटकं हायत हिची. तू पायाळू न्हवं? हाण लाथ!” पायांकडून जन्मलेल्याच्या लाथेनं कंबरदुखी जाते, असं आमच्याकडे मानतात. मी लाथ मारली. चुलती शेणाच्या पाटीवर पडली आणि सगळे हसले. मला चेव आला, मी पुन्हा मारली. “लय बरं वाटलं रं लेकरा,” म्हणत तिनं पाटी उचलली. नोकरी लागल्यावर मी तिला पत्र पाठवलं: ‘काकू, दुसरी लाथ मारायला मला कुणी सांगितलं नव्हतं.’