बिनमिठाचा महिना

जेवायला मला एकच हात पुरतो, अशी ऑफिसात माझी ख्याती होती. डावा हात माउसवर, उजव्या हातात पोळी. आमच्याकडे एक वाजताची मीटिंग फार लोकप्रिय आहे, कारण त्या वेळी सगळे हमखास जागेवर सापडतात. कॅमेरा बंद, माइक बंद, तोंड चालू. कोणी नाव घेतलंच तर घास गालात सरकवून "हो, करते" म्हणण्यात मी इतकी पटाईत झाले होते की मला त्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

डबा बाबांच्या हातचा असायचा. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इकडे कानडी मुलखात, के. आर. पुरमला आणलं, "तीन महिने राहून तर पाहा" असं म्हणून. त्यांनी कायमचं राहावं अशी माझी मनापासून इच्छा होती. इथे मी एकटी, तिकडे ते एकटे, याला काही अर्थ नव्हता. पण नुसतं बसून खाणं बाबांच्या स्वभावात नाही, त्यातून लेकीच्या घरी तर नाहीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सकाळचा स्वयंपाक ताब्यात घेतला. रात्रीचं मी पाहायची, म्हणजे खिचडी टाकायची किंवा काहीतरी मागवायची.

शेवटची दोन वर्षं आई खुर्चीवर बसून सांगायची आणि बाबा करायचे. स्वयंपाकाचं त्यांचं शिक्षण तेवढंच, पण तिचे नियम त्यांनी जसेच्या तसे उचलले होते. देवाला वाटी दाखवायच्या आधी भाजी चाखायची नाही, हा त्यातला पहिला. मीठ हाताच्या अंदाजाने घालायचं, आणि अंदाज जमला की नाही ते पहिल्यांदा जेवणाऱ्याने सांगायचं. आई स्वतः करायची तेव्हा ते काम बाबांकडे होतं आणि ते अगदी चोख करायचे. "आज कणभर कमी" म्हणाले की दुसऱ्या दिवशी आई हात सुधारायची. आता पहिली जेवणारी मी होते.

संध्याकाळी मेट्रोतून उतरून घरी आले की दारातच प्रश्न यायचा.

"मीठ बराबर होतं का?"

"एकदम मस्त, बाबा." हे चपला काढता काढता, फोनकडे बघत.

गुरुवारी ऑफिसात आगीची रंगीत तालीम झाली. एकच्या मीटिंगला नुकतीच सुरुवात होत होती, डबा उघडलेला होता आणि भोंगा वाजला. सगळं जिथल्या तिथे सोडून जिन्याने उतरायचं, असा हुकूम. लॅपटॉप राहिला, फोन राहिला, हातात डबा तेवढा आला. खाली सगळे मला हसले. आता अर्धा तास तरी वर सोडत नाहीत म्हटल्यावर इंदिरानगरच्या त्या रस्त्यावर, झाडाखालच्या कट्ट्यावर मी जेवायला बसले. समोर बघायला काहीच नव्हतं, म्हणून डब्यात बघितलं.

दोडक्याची भाजी होती. दाणे खमंग भाजलेले, दोडका कोवळा. आणि मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. विसरले असतील, म्हटलं. शेजारी आमच्या टीममधल्या बाई बसल्या होत्या, पिढ्यान् पिढ्या इथेच असलेल्या मराठी घरातल्या. वयाने मोठ्या म्हणून त्यांना सगळेच अक्का म्हणतात. माझ्या डब्यातली चमचाभर भाजी आणि त्यांचा दहीभात, अशी आमची रोजची देवघेव.

"अक्का, आज मीठच राहिलंय हो," मी ओशाळून म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "आज? अय्यो, महिना झाला की. स्वल्पसुद्धा नसतं. मी म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलं असेल तुमचं. असलं विचारणं सरी नाही, बरं दिसत नाही, म्हणून गप्प राहिले."

महिनाभर मी तीच भाजी खात होते आणि महिनाभर घरी जाऊन "एकदम मस्त" म्हणत होते. बाबांना विसरायला होतंय का, जिभेची चव गेली का, काही आजार तर नाही, नाही नाही ते मनात आलं. त्या दिवशी मेट्रोत मी फोन बाहेरच काढला नाही.

दारात प्रश्न आलाच. "मीठ बराबर होतं का?"

"नव्हतं, बाबा. महिनाभर नव्हतं म्हणे."

"म्हणे," बाबा म्हणाले. "म्हणजे तुला दुसऱ्यानं सांगितलं."

ते खुर्चीत बसले आणि शांतपणे बोलले. "पहिल्या दिवशी खरंच विसरलो होतो. दुपारी मी जेवलो तवा कळलं. दिवसभर जीव खाली-वर, पोरगी उपाशी राहिली असंल म्हणून. तू आली अन् म्हणाली, एकदम मस्त. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नाही टाकलं. म्हटलं पाहू. रोज वाटे, आज सांगते. सुट्टीच्या दिवशीही तू फोनात पाहूनच जेवली."

"आणि तुम्ही काय जेवत होतात?"

"तेच. तुला अळणी देऊन मी वरून मीठ घेऊ का?"

मला आधी रागच आला. "माझी परीक्षा घेत होता का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"परीक्षा कायची? मी इथं कोणासाठी करून राहिलो, तेवढंच पाहत होतो. येत्या रविवारी जातो म्हणतो मी."

एवढा साधा आवाज की भांडायलाही जागा नव्हती. मी तिथेच, पाठीवरची बॅगही न काढता, रडले. त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला, पण जात नाही असं काही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी मी घरून काम केलं. एक वाजताच्या मीटिंगच्या ग्रुपवर "या वेळी मी जेवते" असं कळवलं. ते लिहायला मला दहा मिनिटं लागली, उत्तर म्हणून मात्र नुसता अंगठा आला. फोन आतल्या खोलीत ठेवला आणि बाबांसमोर ताट घेऊन बसले. बटाट्याची भाजी होती. सुरुवातीला फार अवघड गेलं. हात सारखा नसलेल्या फोनकडे जात होता, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सावकाश चावलं. मीठ बरोबर होतं. पण खरं सांगायचं तर फोडणी जळली होती.

"बाबा, मोहरी करपलीय."

"करपली?" त्यांनी घास घेतला, जीभ टाळूला लावली. कपाळाला आठ्या पडल्या. "हो. पण ते माझ्यामुळं नाही, तुझ्या या कढईमुळं. पत्र्यावानी पातळ आहे. हिच्यात कोणाचीही फोडणी जळंल. काहून घेतली अशी?"

"स्वस्त मिळाली."

"मग असंच होणार," ते तावातावाने म्हणाले. बोलता बोलता त्यांनी माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. "उद्या जयनगरच्या बाजारात जाऊन लोखंडी आणू, जाड बुडाची. पण आणली की झालं, असं नाही. पहिले तिच्यात सगळंच काळं होते. रोज तेल लावून रोज वापरावी लागते. सहा महिने तरी जातात ती हाताशी यायला."

रविवारचा विषय न काढता मी मान खाली घालून जेवत राहिले.