किकच्या वेळी गप्प

आयर्लंडमधल्या मलिंगारला शनिवारी फुटबॉल आणि रविवारी रग्बी बघताना एक म्हातारा नेहमी माझ्या शेजारी उभा असायचा. गावच्या दोन्ही क्लबांवर त्याचा जीव. नाव मी कधी विचारलं नाही. फुटबॉलमध्ये समोरचा पेनल्टी मारायला आला की हा टोपी काढून बोंब ठोकायचा. रग्बीत मात्र समोरच्याने किकसाठी चेंडू ठेवला की सगळ्यांनी गप्प राहायचं, ही इथली रीत. ती त्यानेच मला दटावून शिकवली होती.

परवा आमचा रग्बी क्लब खालच्या गटात घसरायच्या बेतात होता. शेवटची किक समोरच्या संघाची, बसली तर आम्ही संपलो. सगळं मैदान चिडीचूप, आणि हा फुटबॉलच्या सवयीने ओरडला. किक हुकली. लोक त्याची पाठ थोपटत होते, पण तो मान वर करेना.

"अहो, वाचलो ना!" मी म्हणालो. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, परीक्षा असो की सामना, निकालापुढे काही मानत नाही.

तो चिखल तुडवत किक हुकलेल्या खेळाडूकडे गेला. टाळ्या वाजवणारे माझे हात आपोआप खिशात गेले. माफी मागून तो परत आला.

"काय म्हणाला?"

"'ग्रँड, ठीक आहे, होतं असं' म्हणाला," म्हातारा पुटपुटला. "त्याने चार शिव्या घातल्या असत्या, तर निवांत घरी जाता आलं असतं."