छावणीचा मेजर

दुष्काळानं बिरूची साठ मेंढरं नेली आणि बदल्यात त्याला मेजर केलं. हा सौदा कुठल्या सरकारी कागदावर नोंदलेला नाही, पण घडला तो असाच.

२०१९च्या त्या उन्हाळ्यात करमाडच्या माळावर चरायला काही उरलं नव्हतं. जिथं पूर्वी गवत यायचं तिथं कारखान्यांची कुंपणं आली होती, आणि कुंपणाबाहेरचं सगळं उन्हानं खाल्लं होतं. बिरूनं मेंढरं विकली, एका कंत्राटदाराच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला आणि मोठ्या पडद्याचा मोबाइल घेतला. त्यावर तो काय खेळतो ते त्याच्या आईनं, म्हाळसाबाईनं, एकदा मान वाकडी करून पाहिलं.

"मेंढरं इकून मोबाइल घेतला," ती म्हणाली, "आन् आता मोबाइलात मेंढरं वळतंय माझं लेकरू."

तिला वाटलं, आपण टोमणा मारला. खरं तर तिनं नेमकं वर्णन केलं होतं.

टँकर भरायची विहीर एक आणि टँकर सोळा. वीज असली की मोटार चालायची, गेली की रांग जागच्या जागी थिजायची, दोन-दोन तास. बाकीचे ड्रायव्हर टँकरखालच्या सावलीत आडवे व्हायचे. बिरू कानात वायर घालून बेटावर उतरायचा. त्या खेळात शंभर माणसं बेटावर उतरतात, चौघाचौघांच्या टोळ्या करून, टोळीत आपसांत फोनवर बोलत, एकमेकांना टिपतात, आणि भोवतीचं निळं कडं हळूहळू आवळत येतं. कड्याबाहेर राहील तो मरतो. लोकांना यात लढाई दिसायची. बिरूला वाघूर दिसली, मुक्कामाला मेंढरांभोवती लावतात ती जाळी. सगळे मधे धावतात आणि मधेच मरतात, हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं. तो आपली टोळी कडेकडेनं न्यायचा, आणि वळायची वेळ झाली की तोंडातून आपसूक यायचं, "हुर्र्, डावीकडं वळा!"

टोळीतले तिघं वळायचे. त्यातला 'डॉन' म्हणजे सिल्लोडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक रामेश्वर सर. घरच्यांना निकालाचं काम आहे सांगून आतल्या खोलीत बसणारे. 'वाघीण' म्हणजे योगिनी, शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. ड्यूटीभर हळू आवाजात बोलून अवघडलेला गळा ती इथं मोकळा करायची. आणि 'किंग' म्हणजे पुंजाराम. तो जालना रोडला नव्या लेआउटवर प्लॉट विकायचा, म्हणजे मंडपात खुर्ची टाकून गिऱ्हाइकाची वाट बघायचा. त्याच्या डोक्यावरच्या फलकावर 'चोवीस तास पाणी' असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं होतं, "आपण कुठून बोलता?"

"छावणीतून," बिरू म्हणाला.

तो खरंच छावणीत होता. जनावरांच्या चारा छावणीत. तिथं टँकर रिकामा करताना वेळ मिळाला की तो एक डाव टाकायचा. तेवढ्यात मागं छावणीचा राखणदार सर्जेराव भोंग्यावरून हजेरी घ्यायला लागला. "नंबर एकशेबारा!" "हाय!" "नंबर एकशेतेरा! लायनीत उभं ऱ्हा!" नंबर जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे होते आणि उत्तरं त्यांच्या मालकांची. पण सिल्लोडला बसलेल्या माणसाला हे कसं कळावं? शहराला लागून लष्कराची छावणी होती, त्यामुळं तिकडं छावणी म्हटलं की लष्कर. सर एकदम सावरून बसले.

दुसऱ्या दिवशीपासून तो 'मेजर' झाला. बिरूला वाटलं, ही खेळातलीच पदवी असेल. तिसऱ्या दिवशी सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "मेजर, सध्या परिस्थिती कशी आहे?"

"गरमी लई हाय," बिरू म्हणाला.

"समजलो," सर म्हणाले. "फोनवर बोलता येत नसेल."

तेव्हा बिरूच्या ध्यानात आलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण मेंढरं गेल्यापासून त्याच्या हाकेवर कुणी वळलं नव्हतं. मालक त्याला हाक मारून वळवायचा, लोक हंडे वाजवून वळवायचे. आणि इथं एक मुख्याध्यापक, एक नर्स आणि एक प्लॉटवाला विचारत होते, "मेजर, आता कुठं?" त्या खेळात गोळी लागून पडलेल्याला सोबत्यानं वेळेत गाठून उठवता येतं, तरी त्यानं त्यांना एक नियम घालून दिला होता: पडलेल्याला सोडा, कळप पुढं न्या. ते ऐकून योगिनी म्हणाली होती, "फौजी माणूसच असं बोलू शकतो." हे सगळं जाईल, म्हणून तो गप्प राहिला.

मग तिघांनी ठरवलं, रविवारी मेजरना भेटायचं. बिरूनं ड्यूटीचं कारण सांगितलं. "आम्ही गेटवरूनच सलाम करून जाऊ," सर म्हणाले.

रविवारी दहाच्या सुमाराला सरांचा फोन आला. बिरू हौदात पाइप सोडून उभा होता.

"मेजर, आलो बरं का! छावणीच्या गेटवर उभे आहोत."

बिरू दचकून वळला. "कुठल्या गेटवर? मी बी गेटापाशीच हाय."

"इथं बंदूकवाला जवान आहे. आत सोडत नाही."

"इथं सर्जेराव हाय. त्यो कुनालाबी सोडतो."

एवढ्यात त्याच्या मागं एक म्हैस रेकली, आणि तिच्या सुरात सूर मिसळून आणखी दोन.

"मेजर," पुंजारामचा आवाज आला, "ये भैंस की आवाज कायको आ री?"

फोन बंद करता आला असता. टँकर काढून निघूनही जाता आलं असतं. पण हौद अर्धाच भरला होता आणि जनावरं माना लांब करून उभी होती.

"छावणीच हाय," बिरू हळू म्हणाला. "चाऱ्याची. मी टँकरवर हाय. जालना रोडनं सरळ या, करमाडला."

तासाभरानं ते आले. सरांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि त्यांच्या पिशवीतून शालीचं टोक अन् नारळाची शेंडी दिसत होती. शेणातून वाट काढत ते बिरूसमोर येऊन थांबले. बिरूची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

"सत्कार कुनाचा हाय?" सर्जेरावनं विचारलं. "मंत्री येऊ लागला का काय?"

सरांनी शालीचं टोक पिशवीत आत ढकललं. आता हसतील, मग शिव्या देतील, मग जातील, असं बिरूनं मनाशी धरलं होतं. पण योगिनी टँकरकडं बघत होती.

"हा टँकर तुमच्याकडं असतो?" तिनं विचारलं. "म्हणजे तो कुठं जाणार ते तुम्ही ठरवता? दादा, आम्ही इथंच शहराच्या कडेला, सातारा परिसरात राहतो. नवी सोसायटी, दहा दिवस झाले पाणी नाही."

"दादा, माझं पण ऐका," पुंजाराम तिच्यापुढं आला. "मंगळवारी गिऱ्हाइकं येणारेत. साइटवरची टाकी नुसती वरपर्यंत दिसली पाहिजे, बस."

मेजरचा दादा व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याला हुद्द्यावरून उतरवलं असंही म्हणता येईना. "मालकाला इचारावं लागंल," बिरू म्हणाला. दोघांनी माना अशा हलवल्या, जणू मालक वगैरे ही त्याची नम्रता होती. सर एका म्हशीच्या कानातला बिल्ला वाचत होते. एकशेबारा. पिशवी जशी आली तशी गेली.

सोमवारी रांगेत वीज गेली आणि बिरू बेटावर उतरला. तिघं हजर होते.

"दादा, तुम्ही म्हणाल तसं," योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात आज दवाखान्यातला हळूपणा होता.

बिरूचं लक्ष लागेना. निळं कडं आवळत आलं आणि उघड्या माळावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तो सगळ्यांच्या आधी गोळी लागून पडला.

"सोडा मला," तो म्हणाला. "हुर्र्, उजवीकडं वळा. कळप पुढं न्या."

कुणीच वळलं नाही.

"असं कसं सोडू दादा, मंगळवार आहे उद्या!" पुंजाराम झाडीतून निघाला. त्याच्या मागं योगिनी धावली. दोघं त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच पडले. आता फक्त सर उरले होते. दगडामागं सुखरूप, कड्याच्या आत. बिरू पडद्याकडं बघत राहिला. दगडामागून एक आकृती उठली आणि सरळ त्याच्याकडं निघाली, वाकडी-तिकडी, कुणाच्याही गोळीला सापडेल अशी.

"सर, तुमचं सिल्लोड माझ्या रूटमधी नाय," बिरू म्हणाला. "वळा म्हनलं ना."

"माहीत आहे, मेजर," सर म्हणाले, आणि धावत राहिले.

ते पोचले नाहीत, हे सांगायला नकोच. मागून हॉर्न वाजायला लागले होते. वीज आली होती, आणि रांगेत पहिला नंबर बिरूचा होता.